डांबर मोजू नकोस, हद्द मोज

मे महिन्याचा दुसरा रविवार. माझ्या वडिलांना, अण्णांना, घेऊन मी साताऱ्याहून वाळवा तालुक्यात आत्याकडे गेले, तेव्हा वस्तीसमोर चर तयार होता. कृष्णाकाठच्या जॅकवेलपासून निघालेला, तेवीस खातेदारांच्या रानांतून अडीच किलोमीटर आलेला, कमरेइतका खोल, आणि रस्त्याच्या गटारीपाशी येऊन थांबलेला. रस्त्यापलीकडे पुन्हा तसाच चर, माळाकडे चढत गेलेला. काठावर दहा इंची पाइपा ओळीनं रचून ठेवलेल्या. मधे फक्त डांबरी रस्ता.

"बारा मीटर," आतेभाऊ म्हणाला. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. "डांबर सात आणि साइडपट्ट्या पाच. मामा, अडीच किलोमीटरचा चर मी वीस दिवसांत मारला. ह्या बारा मीटरसाठी फेब्रुवारीपासून अर्ज रखडलाय."

अण्णा बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरी सगळी सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांत गेली. ते चहालाही बसले नाहीत. रस्त्याच्या कडेनं चालत गेले, बाभळीच्या बुंध्याशी वाकले, गवत बाजूला केलं आणि एका दगडावर हात ठेवला. दगडावरचा पांढरा रंग कधीच उडून गेला होता.

"डांबर काय मोजतोस? हद्द मोज. हा हद्दीचा दगड. पलीकडचा त्या विजेच्या खांबाजवळ असणार. बारा नाही, चोवीस मीटर. तुझा चर आत्ताच सरकारच्या जागेत सहा मीटर आत आलाय."

दादा गप्प झाला. त्या दुपारी पुढे जे बोलणं झालं ते मी जमेल तितकं जसंच्या तसं लिहिते आहे. दोघंही माझीच माणसं. एकानं जन्मभर रस्ता सांभाळला, दुसरा जन्मभर पाणी ओढतो आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत असं घर विरळा नसेल.

"खरं सांगू का मामा," दादा म्हणाला, "ह्या रस्त्याखालून दहा-बारा पाइपा गेल्यात. एकाचीही परवानगी नाही. रात्री दोनला जेसीबी लावायचा, चारपर्यंत पाइप टाकून मुरूम दाबायचा, वर थोडी खडी. सकाळी एसटी जाते तेव्हा कुणाला कळतसुद्धा नाही. मी अर्ज केला हाच माझा गाढवपणा झाला."

"अर्ज केलास ते बरोबर केलंस. चर मारण्याआधी परवानगी हातात घेतली नाहीस, ते चुकलं."

"ऊस कधी तुटणार, ते माझ्या हातात आहे का? कारखान्याची टोळी आली मार्चच्या शेवटी. ऊस तुटला की खोडवा फुटायच्या आत चर मारायचा, नाहीतर शेजारचा शेतकरी रानात पाऊल ठेवू देत नाही. तेवीस जणांची रानं एकाच वेळी मोकळी मिळाली ती फक्त तीन आठवडे. तुमच्या कार्यालयाला ते तीन आठवडे कुणी सांगायचे?"

हे मला अगदी पटलं, आणि अण्णांनाही पटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. शेतकऱ्याचं पंचांग उसाचं असतं. लागण आडसाली, पूर्वहंगामी की सुरू, तोड कधी, खोडवा कधी, ह्यावर त्याची सगळी कामं ठरतात. कार्यालयाचं पंचांग मार्चअखेरचं. ही दोन पंचांगं कुठं जुळतच नाहीत.

पण अण्णा बोलले ते वेगळंच. "रात्री दोनला जेसीबी लावशील, तर खाली काय आहे ते तुला ठाऊक आहे का?"

"काय असणार? मुरूम आणि काळी माती."

"हो? ते बघ." त्यांनी बोट दाखवलं. रस्त्याच्या कडेला, उसाच्या पाचटात अर्धा बुडालेला, एक बुटका खांब होता. "ती केबलची खूण आहे. आणि गॅस. २०१८ साली शहर गॅस वितरणाच्या नवव्या फेरीत सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे मिळून एकच क्षेत्र ठरलं आणि ते भारत गॅस रिसोर्सेस ह्या कंपनीकडं गेलं. अशी लाइन शहरातून निघाली की रस्त्याच्या कडेकडेनंच पुढं सरकते. आज इथं नसेल, दोन वर्षांनी असेल. त्यांचा माणूस चर मारताना तुझी पाइप फोडेल, नाहीतर तुझा जेसीबी त्यांची. पाण्याची पाइप फुटली तर चिखल होतो. गॅसची फुटली तर काय होतं?"

आत्या तेवढ्यात चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात पाच दिवस नळ कोरडा होता. कुणीतरी रातोरात चर मारला आणि पंचायतीची लाइन तोडून ठेवली. कुणी, ते अजून कळलं नाही."

ती लाइन जलजीवनमधली. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या त्या योजनेत माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात द्यायचं ठरलं, आणि गावोगावी रस्त्यांच्या कडेनं नवे नळ पडले. एका पाण्याची वाट दुसऱ्या पाण्यानं तोडावी, आणि तोडणारा कोण हे गावाला कधीच कळू नये, ह्याचं मला फार वाईट वाटलं. रातोरात टाकलेल्या पाइपला मालक नसतो. ती फुटली तरी कुणी पुढं येत नाही, आणि तिनं दुसऱ्याचं फोडलं तरी नाही.

अण्णांनी तेव्हा साताऱ्याची गोष्ट सांगितली. यवतेश्वरच्या डोंगरातून शहरात पाणी आणणारे जुने खापरी नळ आजही कुठंकुठं जमिनीत आहेत. "शहरात खोदकाम करताना अवचित खापर लागायचं. उत्तम भाजलेलं, एकात एक बसवलेलं. ज्यांनी घातलं त्यांना प्रत्येक वळण पाठ असणार. पण आमच्या हातात नकाशा नव्हता. पहार लागली की कळायचं. चांगलं काम केलेली माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर माहितीही गेली. परवानगी म्हणजे काय रे? सही-शिक्का नव्हे. खाली काय आहे ते माणूस मेल्यावरही कळलं पाहिजे, एवढ्यासाठी तो कागद."

"तसं असेल तर तुमचा कागद दोन पानांचा हवा, मामा. माझी फाइल बघा."

दादानं आतून फाइल आणली. सातबारा, आठ-अ, पाटबंधारे खात्याचा पाणी परवाना, तेवीस खातेदारांच्या पाणीपुरवठा संस्थेचा ठराव, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, हमीपत्र, नकाशा. अर्ज दोनदा परत आला होता. पहिल्यांदा नकाशावर साखळी क्रमांक, म्हणजे किलोमीटरच्या दगडापासूनचं अंतर, नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा, हा रस्ता आता आमच्याकडे नाही, दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला आहे म्हणून. कार्यालयाचं नाव इथं लिहीत नाही. तिथल्या माणसांपेक्षा पद्धतीबद्दल मला बोलायचं आहे.

"रस्ता कुणाचा, हेच आम्हाला माहीत नसतं," दादा म्हणाला. "गावातला रस्ता जिल्हा परिषदेचा. हा बांधकाम खात्याचा. पेठ नाक्यावर गेलं की महामार्ग प्राधिकरणाचा. काही रस्ते राष्ट्रीय महामार्ग आहेत, पण प्राधिकरणाकडं नाहीत, तुमच्याच खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडं आहेत. पेठ–सांगली घ्या. राज्यमार्ग होता, राष्ट्रीय महामार्ग १६६ एच झाला. ज्यानं आधी रीतसर परवानगी घेतली असेल त्याचा कागद त्या रस्त्याबरोबर नव्या कार्यालयात गेला का? रस्त्याला चाकं नाहीत, पण तो एका कार्यालयातून दुसऱ्यात जातो आणि आम्ही मागं धावतो."

अण्णांनी ह्यावर वाद घातला नाही. ते फाइल चाळत राहिले.

दादा थांबला नाही. "मोबाइलवाल्या कंपन्यांसाठी २०१६ साली केंद्रानं नियम केले. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. २०२३ ला नवा दूरसंचार कायदा आला, त्याचे वाटेच्या हक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यांच्यासाठी पोर्टल आहे, मुदत आहे. माझ्या अर्जाला नव्वद दिवस होत आले, मी काय धरायचं? शेजाऱ्याच्या रानातून पाट न्यायचा असला तर महसूल संहितेचं कलम ४९ आहे. शेजारी अडून बसला तरी तहसीलदार दोघांचं ऐकून निकाल देतो. माणूस अडला तर कायदा वाट काढून देतो. सरकार स्वतः अडलं तर मी कुणाकडं जायचं?"

ह्या प्रश्नापाशी मी लिहिताना बराच वेळ अडले. शेतकऱ्याच्या पाण्याला दुसऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीतून वाट मिळावी, हे ह्या राज्यानं १९६६ च्या संहितेत मान्य केलं. मग सार्वजनिक रस्त्याखालून त्याच पाण्याला वाट मिळायला तितकीच सोपी, तितकीच जवळची दारं का असू नयेत? आणि हा मुलूख तर पाणी चढवणाऱ्यांचा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी इथल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, पुढं तिथं पंप बनू लागले. नदीकाठी सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या, ताकारी, म्हैसाळ, टेंभू ह्या सरकारी उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांपर्यंत नेलं. नदी खाली, रान वर, आणि मधे रस्ता. इथं रस्ता ओलांडल्याशिवाय पाणी रानात पोचतच नाही. हे दर शिवाराचं, दर पिढीचं काम आहे, आणि तरी दर वेळी ते पहिल्यांदाच घडत असल्यासारखा अर्ज लिहावा लागतो.

अण्णा उठले. "चल, तुला एक दाखवतो."

आम्ही रस्त्यानं शंभरेक पावलं गेलो. तिथं डांबराला आडवी, हातभर रुंद पट्टी होती. दोन्ही बाजूंचं डांबर जुनं, करडं. ही पट्टी काळी, आणि मधे चार बोटं खचलेली. अण्णा तिच्या काठाशी उकिडवे बसले. खचलेल्या कडेनं डांबराला केसासारख्या भेगा गेल्या होत्या, त्या पुढं जाळीसारख्या पसरल्या होत्या. त्यांनी किल्लीच्या टोकानं एक खपला उचलला. खालून काळी माती निघाली, मुरूमसुद्धा नाही.

"हे त्या रात्री दोन ते चारचं काम. चरात निघालेलीच काळी माती परत लोटली. आपली ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की फाटते. चर भरायचा तर सहा-सहा इंचांचे थर द्यायचे, पाणी मारायचं, प्रत्येक थर धुम्मसानं ठोकायचा. मग खडी, मग डांबर. त्याला दोन दिवस लागतात. हे केलं नाही की पहिल्या पावसात पट्टी खचते, भेगांतून पाणी रस्त्याच्या पोटात जातं. मग ऑक्टोबरात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या भरून जातात. एका हंगामात इथं खड्डा, दुसऱ्यात दहा मीटर रस्ता गेला."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नोकरीत असताना एकाला मी तोंडी परवानगी दिली होती. ओळखीचा होता, पिकाची निकड होती. भरून घेतो म्हणाला. मी बघायला गेलो नाही. जुलैमध्ये एक दुचाकी त्या पट्टीवर उडाली. मागं बसलेली बाई पडली. मी सिव्हिलला जाऊन बघून आलो. ती वाचली, पण तिचा हात कायमचा आखडला. ती साखळी मला अजून पाठ आहे. तो तुकडा माझ्या ताब्यात होता."

ही गोष्ट मी आजवर घरात ऐकली नव्हती. दादाही ऐकत उभा राहिला. पलीकडून एसटी आली, ती त्या पट्टीवर धडकन आदळली आणि गेली.

"म्हणून तोडायचंच नाही का मग?" दादानं विचारलं. आता त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. "मोरीतून नेऊ का? पुढं दोनशे फुटांवर मोरी आहे. रस्त्याला हातही लागणार नाही."

"मोरी पावसाच्या पाण्याची आहे. तुझ्या पाइपला पाचट अडकेल, गाळ साचेल, ओढ्याचं पाणी तुंबेल, आणि रस्त्याच्या वरच्या अंगाची रानं बुडतील. २०१९ ला, २०२१ ला पूर बघितलास ना? पाण्याची वाट अडवून पाणी नेता येत नाही. महामार्गांच्या धोरणात तर ते स्पष्ट लिहिलंय की आहे त्या मोऱ्यांमधून लाइन न्यायची नाही."

मग अण्णांनी ते धोरण समजावून सांगितलं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं २२ नोव्हेंबर २०१६ ला काढलेलं. राष्ट्रीय महामार्गाच्या कडेनं किंवा खालून केबल, गॅस, पाणी, काहीही न्यायचं तर त्यानुसार अर्ज करावा लागतो. त्यामागं २००२ चा महामार्गांच्या जमिनीचा आणि वाहतुकीच्या नियंत्रणाचा कायदा आहे. कडेनं जाणारी लाइन हद्दीच्या अगदी टोकाला. आडवी जाणारी रस्ता न फोडता, केसिंगमधून, रस्त्याच्या पृष्ठभागापासून किमान १.२ मीटर खाली. अर्ज तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा, हरकती मागवायच्या. परवाना शुल्क, बँक गॅरंटी. आणि पुढं रस्ता रुंद झाला तर लाइन स्वखर्चानं हलवायची हमी.

"हे सगळं ठीक आहे," दादा म्हणाला, "पण हे शंभर किलोमीटरची लाइन टाकणाऱ्या कंपनीसाठी लिहिलंय. तिच्याकडं कार्यालयात बसायला पगारी माणूस असतो. आमच्या संस्थेचा सचिव मी, आणि सकाळी मी दूध घालायला जातो. शेवटच्या कलमाचं तर मला हसावं की रडावं कळत नाही. माझ्या आजोबांच्या काळातली लाइन होती. तेव्हा रस्ता एकपदरी होता आणि लाइन त्याच्या बाहेर होती. रस्ता आमच्या पाइपवर आला, पाइप रस्त्याखाली गेली नाही. मग हलवायचा खर्च कुणाचा?"

"ज्याच्याकडं कागद असेल त्याचं ऐकलं जातं," अण्णा म्हणाले. "आजोबांच्या लाइनीची नोंद असती तर तुला मोजमाप करून मागता आलं असतं. रस्ता वाढवताना जुन्या लाइनी हलवायला अंदाजपत्रकात पैसे धरतात. धरतात ते दिसणाऱ्या आणि नोंदलेल्या लाइनींचे. जी सापडतच नाही तिला जेसीबी शोधतो."

इथं दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत असं म्हणून मी मोकळी होऊ शकले असते. पण मला तसं वाटत नाही. चुकीचं काम कोणतं ह्याबद्दल अण्णांचं म्हणणं पूर्ण खरं आहे: रातोरात रस्ता तोडणं हा परक्या माणसाच्या जिवाशी केलेला खेळ आहे, आणि तुमची निकड कितीही खरी असली तरी त्याला क्षमा नाही. पण ते चुकीचं काम इतक्या चांगल्या माणसांना सोपं का वाटतं, ह्याचं उत्तर दादाकडं आहे. सरळ वाट नव्वद दिवसांची आणि वाकडी दोन तासांची असेल, तर माणसं कुठून जातील?

"पूर्वी मैलकुली असायचे," अण्णा परतताना म्हणाले. "प्रत्येकाला रस्त्याचा आपला तुकडा. खांद्यावर फावडं, रोज चालत जायचं. कुणी गटारीत माती लोटली, कुणी साइडपट्टी उकरली, संध्याकाळी मुकादमाला कळायचं. पाइप कुठून गेली ते त्याच्या डोक्यात असायचं. त्या जागा भरल्या गेल्या नाहीत. रस्त्यावर रोज नजर ठेवणारा माणूस गेला, आणि त्याच्या जागी आम्ही फाइल ठेवली."

केंद्र सरकारनं २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप सुरू केलं. खोदायच्या आधी जागा कळवायची, मग त्या जागेखाली ज्यांच्या लाइनी असतील त्यांना सूचना जाते. न विचारता केलेल्या खोदाईनं देशात दरसाल सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, असं सरकारनं तेव्हा सांगितलं. उपाय चांगला आहे. पण ज्यांनी आपल्या लाइनी नोंदवल्या आहेत त्यांनाच ती सूचना जाणार. दादाच्या रस्त्याखालच्या दहा-बारा पाइपांना कोण कळवणार? नेदरलँडमध्ये २००८ पासून कायदाच आहे: यंत्रानं खणायचं तर आधी तिथल्या भूमिअभिलेख कार्यालयाला कळवायचं, आणि खाली काय आहे त्याचे नकाशे घेऊनच पहिली बकेट लावायची. तिथं जमिनीवरच्या हद्दींची आणि जमिनीखालच्या नळांची माहिती एकाच कार्यालयातून मिळते. आपल्याकडं सातबाऱ्यावर विहीर येते, झाडं येतात. विहिरीतून निघून रस्ता ओलांडणारी पाइप मात्र सहसा कुठं दिसत नाही.

संध्याकाळी अण्णांनी टेप मागितला. मी एक टोक धरलं, दादानं दुसरं. किलोमीटरच्या दगडापासून मोजत आलो. साखळी क्रमांक ठरला. अण्णांनी शाळेच्या वहीच्या आडव्या पानावर रस्त्याचा काटछेद काढला: हद्दीचे दोन दगड, गटारी, साइडपट्ट्या, मधे डांबर, आणि खाली तुटक रेघेनं पाइप. केबलचा खांब दाखवला. मोरीचं अंतर लिहिलं. रस्ता न फोडता आडवं बोअर मारून लोखंडी केसिंग ढकलायचं, त्यातून दहा इंची पाइप ओढायची, केसिंगचा माथा डांबरापासून दीड मीटर खाली, असं त्यांनी लिहिलं. ढकलायची यंत्रणा कराडहून आणावी लागेल आणि चरापेक्षा खर्च बराच जास्त येईल. दादा थोडा वेळ आकडे जुळवत बसला.

"तेवीस जणांत वाटला तर झेपेल," तो म्हणाला. "एकट्याला झेपला नसता. एकटा माणूस रात्रीच जाणार, मामा, हे तुम्ही लक्षात घ्या."

"घेतलं. म्हणूनच म्हणतो, हे काम रस्ता बांधतानाच व्हायला हवं. रस्ता उघडा असतो, खड्डे पडलेले असतात, यंत्रं उभी असतात. तेव्हा प्रत्येक शिवेला, जिथं पाणंद रस्त्याला मिळते तिथं, एक रिकामी ह्यूम पाइप आडवी टाकून दोन्ही तोंडांना दगडी खूण करायची. पुढं ज्याला पाणी न्यायचं असेल त्यानं अर्ज करावा, भाडं भरावं, आणि आपली पाइप त्यातून सरकवावी. रस्त्याला चाळीस वर्षं कुणी हात लावणार नाही."

"हे तुम्ही नोकरीत असताना का नाही केलंत?"

"दोन ठिकाणी केलं. बाकीच्या ठिकाणी मागितलं नाही. मागायला हवं होतं."

परत येताना महामार्गावर पेठ नाक्यापासून शेंद्र्यापर्यंत सहापदरीकरणाचं काम जागोजागी उघडं दिसत होतं. शेंद्रे ते कागल हा सुमारे १३० किलोमीटरचा टप्पा, दोन्ही जिल्ह्यांच्या बागायती पट्ट्यातून जाणारा. नेर्ले, कासेगाव, मालखेड, उंब्रज, अतीत. प्रत्येक गावाची नदी एका अंगाला आणि माळ दुसऱ्या अंगाला. अण्णा खिडकीतून बघत होते. जिथं सेवारस्ता खणलेला दिसे तिथं ते हळूच म्हणत, "इथं एक टाकता आली असती." असं त्यांनी साताऱ्यापर्यंत किती वेळा म्हटलं, ते मी मोजलं नाही.

म्हणून दोन्ही जिल्ह्यांत रस्त्यांची कामं ज्यांच्या हातात आहेत त्या अभियंत्यांना माझी विनंती आहे: काँक्रीट पडायच्या आत शिवेगणिक एक रिकामी नळी खाली घाला, आणि शेतकऱ्याच्या आडव्या पाइपसाठी दोन पानांचा वेगळा अर्ज आणि ठरलेली मुदत ठेवा. ऊस तुटतो त्या महिन्यांत एक दिवस साइटवर येऊन उत्तर द्या. आणि ज्या शेतकऱ्यांची पाइप आधीच रस्त्याखालून गेली आहे, परवानगीनं असो की रात्रीची, त्यांनी किलोमीटरच्या दगडापासून अंतर मोजून, कागदावर काढून, आपापल्या संस्थेच्या दप्तरात तरी ती ठेवावी. दंडाची भीती वाटत असेल तर ग्रामपंचायतीनं गावाचा एकत्र नकाशा करावा.

दादानं सोमवारी तिसऱ्यांदा अर्ज दिला आणि पोच घेतली. दोन्ही बाजूंचा चर त्यानं हद्दीच्या दगडापर्यंत मागं घेतला, सरकारी जागेतले सहा-सहा मीटर थर देऊन भरून काढले. पाइपांच्या दोन्ही तोंडांना बूच मारून वर गोणपाट बांधलं आहे. पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येईल. ज्यांच्या टेबलावर तो अर्ज आहे त्यांनी त्याआधी एकदा जागेवर यावं. साखळी क्रमांक अर्जावर लिहिला आहे, आणि टेप धरायला दादा रस्त्यावर उभा राहील.